पाणघोडीची वाट

“...मग माझी परीक्षा कधी घेणार, बाबा?”

“सुरू झाली की,” म्हणत मोगोत्सीबाबा होडीत पुढे जाऊन बसले. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. “मी पाहुणा. लांबून आलोय. मला कशातलं काही कळत नाही. दाखव तुझा देश.”

ओकावांगो नदीच्या पाण्यात पाहुण्यांची होडी हाकण्यात बाबांचं आयुष्य गेलेलं. तुमेलो त्यांचा शिष्य. आपल्याला सगळं येतं, असा त्याचा पक्का समज. आज पास झाला, तर उद्यापासून त्याला स्वतंत्र होडी मिळणार होती.

तुमेलोनं लांब काठीनं होडी लोटली आणि पाठ केलेलं सुरू केलं.

“हा बोत्स्वाना. आम्हाला समुद्र नाही. पाऊस पडतो अंगोलात. ते पाणी महिनोन्‌महिने वाहत इथं येतं आणि कलहारीच्या वाळवंटातच पसरून संपतं. जगात सर्वांत जास्त हत्ती आमच्याकडे. या सगळ्याची राखण आम्ही गावकरी करतो.”

“अरे वा! हत्ती चावतो का?”

तुमेलोला हसू आवरेना. बाबा आज भलतेच रंगात होते.

तेवढ्यात लव्हाळ्यातली अरुंद पाणवाट वळली... आणि समोर पाणघोडी. शेजारी पिल्लू.

तुमेलोनं काठी रोवली.

“थांबलास का? जवळ ने. फोटो काढायचाय मला.”

“नाही, पाहुणे. पिल्लू जवळ असलं की ती होडी उलटवते.”

बाबांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“आता तुझा गुरू सांगतोय. पुढे ने.”

बाबांचा शब्द तुमेलोनं कधी खाली पडू दिला नव्हता.

“...नाही, बाबा.”

“मग होडी विसर.”

त्याला रडूच आलं. पण काठी हलली नाही.

“विसरलो. ही वाट तिनंच चालून चालून पाडलीय. आपण तिच्या दारात उभे आहोत.”

त्यानं होडी हळूच मागे घेतली आणि बाजूच्या लव्हाळ्यात शिरवली. जरा वेळानं पाणघोडी पिल्लाला घेऊन डुलत डुलत निघून गेली. या दोघांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

होडी काठाला लागली.

तुमेलोनं काठी बाबांच्या पायाशी ठेवली. “तुमचा शब्द मोडला. माफ करा.”

बाबांनी काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“सांभाळून ने,” ते म्हणाले. “उद्याचे पाहुणे माझ्याहून हट्टी आहेत.”