खऱ्या तहानेचा कायदा

दिवाणसाहेबांनी धर्मादायाचा कायदा बदलला. पाणपोईवर फुकट पाणी हवं, तर आधी खुद्द दिवाणांनी घशात डोकावून तहान खरी ठरवायची. स्वतःची तहान कुणी स्वतः ठरवायची नाही. झालं! भर उन्हात गाव आ वासून रांगेत उभं राहिलं.

घसे तपासता तपासता दिवाणांनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले आणि त्यांना जोरदार उचकी लागली.

"अगं सगुणे, पाणी दे!" ते पाणपोईवालीवर ओरडले.

सगुणाबाईंनी तांब्या भरला, पण हातातच धरला. "देते की! पण साहेब, तुमच्या घशात डोकावणार कोण?"

दिवाणांनी डोळे फिरवले. "कायदा... उक्... रद्द!"

"बरं झालं. आता रांगेत शेवटी उभे राहा. रांगेचा कायदा तुम्ही बदललेला नाही."