भाना नावाड्याचं विरजण

टीव्हीवरची एक मालिका गावोगाव गाजत होती. तिचे लेखक श्रीरंग धामणकर यांनी चारशेव्या भागात प्रेक्षकांच्या लाडक्या भाना नावाड्याला नदीत बुडवून टाकलं. कऱ्हाडच्या सुलभा मोहिते मात्र भानाच्या स्वतः रचलेल्या गोष्टी मोबाइलवर लिहून लोकांना पाठवायच्या, आणि त्यांत तो खुशाल होडी वल्हवत होता.

तिथल्या वाचनालयात धामणकरांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी सुलभाबाईंना भर सभेत उभं केलं. “भाना माझा आहे. मी त्याला मारलं, आता तुम्हीही मारा. नाहीतर लिहिणं बंद करा!”

सुलभाबाईंनी आधी हात जोडले. “सर, तुमचे उपकार कसे विसरेन? तुमच्याच विरजणावर मी माझं दही लावलं. पण पुढे तुमचं दही बिघडलं, म्हणून मी माझं टाकून द्यायचं का? उद्या तुम्हालाच विरजण लागलं, तर मागायचं कुणाकडे?”

सभा खळखळून हसली. धामणकर तणतणत निघून गेले.

पण भाना गेला आणि मालिकेचे प्रेक्षकही गेले. दोन महिन्यांनी धामणकर सुलभाबाईंच्या दारात उभे राहिले. हातात रिकामी वाटी होती.

“ताई,” ते ओशाळून म्हणाले, “चमचाभर भाना द्याल का?”