भिवरेचा भोपळा आणि हत्तीचा खुंट

एक होती भिवरा. गोष्टीत राजाही आहे, पण तो मागून येईल. आधी भिवरा.

भिवरा गोधड्या शिवायची. आईनं जाताना तिच्यासाठी एवढंच ठेवलं होतं: एक खोली, खोलीमागचं परस आणि राखेत घोळवून चिंधीत बांधलेल्या भोपळ्याच्या बिया. आई होती तोवर परसात वेल असायचा. आता नुसता मुरूम. भिवरेनं जन्मात कधी बी लावलं नव्हतं.

एकदा काय झालं, राजाला कुणीतरी हत्ती भेट दिला. आता हत्ती बांधायचा कुठे? राजाचा कायदा असा, की ज्या जमिनीत काही पिकत नाही ती राजाची. मग शिपाई आले आणि त्यांनी भिवरेच्या परसात मधोमध हत्तीचा खुंट ठोकला.

भिवरा म्हणाली, इथे पिकेल. राजाचा बागवान हसला. म्हणाला, झाड लावायला हाताला गुण लागतो बाई, तुझे हात सुईचे. राजानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत फळ धरलं तर परस तुझं, नाहीतर त्या दिवशी हत्ती इथे.

मग अक्षय्य तृतीयेला भिवरेनं खुंटाशेजारी आळं केलं आणि दोन बिया लावल्या. आठ दिवसांत कोंब वर आले. गल्लीला कोण आनंद झाला. भिवरा आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घाली, दुपारी घाली, संध्याकाळी घाली. शेजारची गोदाक्का जाता-येता घाली. विहिरीवरून येणारी प्रत्येक बाई आपल्या घागरीतलं थोडं ओती, कारण भिवराच जिंकावी असं सगळ्यांना वाटत होतं ना. पंधरवड्यात रोपं पिवळी पडली आणि आडवी झाली.

बागवान म्हणाला, फेक आता. तो स्वतः मेलेली रोपं भिंतीपलीकडे फेकायचा. भिवरेनं फेकलं नाही. तिनं रोप ओंजळीत घेतलं, कानाशी नेलं आणि विचारलं, "काय चुकलं माझं?"

आता मेलेलं रोप बोलतं का? एरवी नाही बोलत. पण त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, बरं का. मग अगदी बारीक आवाज आला, "बुडालो गं बाई. मातीत श्वास घ्यायला जागाच नव्हती."

मग भिवरेनं गल्लीतल्या बायांना हात जोडून सांगितलं, आता पाणी मीच घालीन, तेही वरची माती सुकली की मगच. पण मनात धास्ती बसली होती. एखादं तरी जगेल म्हणून तिनं उरलेल्या सगळ्या बिया त्याच आळ्यात टाकल्या. रोपं उगवली ती डोक्यावरच्या केसांसारखी दाट. गोदाक्का म्हणाली, अगं, चांगली दोन ठेव, बाकीची उपट. पण उगवून आलेलं उपटायचं कसं? भिवरेचा हात होईना. रोपं एकमेकांच्या अंगावर चढली, काडीसारखी झाली आणि एकेक करून गेली.

भिवरेनं पुन्हा कान लावला. "उपाशी मेलो," रोप म्हणालं. "एका ताटात चाळीस जण जेवत होतो."

आता मात्र बागवान, सुईच्या हातांनी कधी पिकतं का, असं गावभर सांगत सुटला. गोदाक्कासुद्धा म्हणाली, "सोड गं तो हट्ट. राजाशी कुणी भांडतं का? माझ्याकडे ये राहायला."

भिवरा म्हणाली, "परस सोडायची नाही मी, गोदाक्का. हात माझे आहेत. शिकतील."

तिनं चिंधी झटकली, तर गाठीत एक बी अडकलेलं. एकच. मग तिनं मुरूम खणला, शेणखत घातलं आणि ते बी लावलं. वेल आला. आधाराला काय? हत्तीचा खुंट होताच की. वेल त्याच्यावरच चढला.

मग फुलं आली, पिवळीधमक. भिवरा रोज सकाळी सगळी फुलं खुडून गावदेवीला वाही आणि म्हणे, माझ्या वेलाला फळ धरू दे. श्रावण गेला, भादवा सरत आला, फळ काही धरेना. शेवटी तिनं जित्या वेलालाच कान लावला.

वेल म्हणाला, "रोज सकाळी माझी लेकरं खुडतेस, आणि देवीपुढे माझ्यासाठी लेकरंच मागतेस."

भिवरेनं हातातलं फूल उलटं करून पाहिलं. फुलामागे चिंचोक्याएवढा भोपळा होता.

दुसऱ्या दिवसापासून देवीला नुसता नमस्कार. फुलांवर मधमाश्या आल्या आणि एक फळ धरलं. आईचंच बी ते, भराभर फुगलं. लिंबाएवढं, नारळाएवढं, घागरीएवढं. देठ तुटेल म्हणून भिवरेनं गोधडीची झोळी शिवली, खुंटाला बांधली आणि भोपळा तिच्यात निजवला. सुईचे हात ना तिचे.

दसऱ्याला राजा आला, झूल घातलेला हत्ती आला. बागवान राजाच्या कानाशी लागून म्हणाला, हत्तीला भोपळा फार आवडतो. राजानं हत्तीला आवरलं नाही. हत्तीनं सोंड लांबवली.

भिवरा मध्ये जाऊन उभी राहिली. सोंड तिच्या खांद्यावर आली, तरी भिवरा जागची हलली नाही.

"महाराज," ती म्हणाली, "कायदा तुमचा. भोपळा माझा. रिकामी जागाच हवी तर तुमच्या वाड्यापुढचं पटांगण आहे. तिथे गवताची काडीही नाही."

गोदाक्का आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. मग गल्लीतल्या सगळ्या बाया. राजानं खुंट शोधला, पण पानांत तो दिसेना. कायदा त्याचा त्यानंच केलेला. करतो काय? हत्ती वळला आणि वाड्यापुढे बांधला गेला. आता तो चीत्कारला की राजाचीच झोप मोडते.

भोपळ्याची भाजी गल्लीभर पुरली. बिया भिवरेनं घरोघर वाटल्या. पुढच्या वर्षी राजाला गावात रिकामी जागा म्हणून सापडली नाही. आणि तो बागवान? आता तो मेलेलं रोप फेकण्याआधी इकडे तिकडे बघतो आणि हळूच कानाला लावतो.

भिवरा आपल्या परसात सुखानं राहिली. आता तुम्हीही डोळे मिटा. बी कसं मातीखाली गुपचूप पडून राहतं, तसं. मी पांघरूण घालते. सारखं उकरून बघायचं नाही, बरं का.