कपाळाला लावलेली पुडी

फार पूर्वी, औषध चिमटीनं मोजत आणि त्या चिमटीवर डोळे मिटून विश्वास ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यातल्या गावात राजाची एक औषधशाळा होती. वैद्य नाडी बघून औषध सांगत आणि भांडारी बरणीतून चूर्ण काढून त्याची पुडी बांधून देई. भांडारी आता म्हातारा झाला होता. उभं आयुष्य त्यानं पुड्या बांधण्यात घालवलं, पण त्याच्या हातून चूक झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. निदान कुणी तसं बोललं तरी नव्हतं.

त्या गावात एक रीत होती. भांडाऱ्यानं दिलेली पुडी लोक कपाळाला लावत आणि तशीच घरी नेत. त्याच्यासमोर ती उघडून बघणं म्हणजे तोंडावर त्याला खोटं म्हणण्यासारखं होतं. असा मान कुणाला नको असतो? भांडाऱ्यालाही तो आवडायचा.

एका दोर वळणाऱ्याची बायको मात्र ही रीत पाळत नसे. तिच्या नवऱ्याला जुना खोकला होता. दर वेळी ती पुडी तिथंच उघडायची, मागच्या पुडीतलं चिमूटभर चूर्ण पदराच्या गाठीतून काढायची आणि दोन्हींचा वास घ्यायची. मग मान हलवून निघायची. तिला डोळ्यांनी कमी दिसे, म्हणून हे काम तिनं नाकावर सोपवलं होतं. भांडारी मनातल्या मनात धुमसत राही.

एका वर्षी तापाची साथ आली. उजाडायच्या आधीच रांग लागू लागली. भांडाऱ्याचे पाय सुजले, पाठ भरून आली, समोरच्याचा चेहराही त्याला धड दिसेना. थकलेल्या माणसाला राग फार लवकर येतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. अशातच दोरवाल्याची बायको आली आणि सवयीनं पुडीची घडी सोडू लागली.

"बाई, माझ्यावर भरवसा नसेल तर औषध दुसरीकडून आणत जा," भांडारी सगळ्यांदेखत म्हणाला.

रांगेतले लोक हसले. ती ओशाळली. तिनं घडी परत घातली, पुडी कपाळाला लावली आणि खाली मान घालून घरी गेली. चला, एकदाची सुधारली, असं भांडाऱ्याला वाटलं.

उन्हं कलल्यावर रांग संपली. बरण्या पुसता पुसता त्याचा हात थांबला. खोकल्याच्या चूर्णाची बरणी सकाळी होती तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती. शेजारची झोपेच्या चूर्णाची बरणी, जिच्यातलं औषध दिवसभर कुणी मागितलंही नव्हतं, ती मात्र बरीच रिकामी झाली होती. दोन्ही चूर्णं मातकट, दोन्ही बरण्या सारख्याच. फरक एवढाच, की खोकल्याचं चूर्ण चमचाभर घेतात आणि झोपेचं नखभर.

तो तसाच सुजल्या पायांनी निघाला. त्या दिवशी खोकल्याचं औषध दोनच घरी गेलं होतं. वाटेत आधी सराफाचं घर लागलं. चुकीची पुडी गेली असेल, ती परत द्या, असं त्यानं हात जोडून सांगितलं. सराफ मोठ्या प्रेमानं हसला. तुमच्या हातून चूक होणं शक्य नाही, असं म्हणाला आणि ते सिद्ध करायला त्यानं तिथंच चमचा भरून तोंडाकडे नेला. भांडाऱ्याला तो हिसकावून घ्यावा लागला. लोकांचा विश्वास इतका जड असतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

मग भांडारी दोरवाल्याच्या घरी पोचला. दोरवाल्याची बायको नवऱ्याच्या अंथरुणाशी बसून वारा घालत होती. तिचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी आज खोकल्याची उबळ नाही, कसे शांत झोपलेत बघा, असं ती हळू आवाजात सांगू लागली. उघडलेली पुडी उशाशी पडली होती.

भांडाऱ्यानं ती उचलून नाकाशी नेली. "वास नाही घेतला, बाई?"

"तुम्हालाच आवडत नाही ना, दादा," ती म्हणाली.

वैद्यांनी जिवाचं रान केलं. दोरवाला वाचला, पण त्याच्या हातातला जोर गेला तो गेलाच. त्यानं वळलेला दोर सैल पडू लागला आणि दोर वळायचं काम बायकोच्या अंगावर आलं. भांडाऱ्यानं राजासमोर सगळं कबूल केलं आणि आपल्याला काढून टाकावं म्हणून विनवलं. राजानं काढलं नाही. दुसरा आणला तरी तोही कधीतरी थकेलच, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून भांडाऱ्यानं समोर एक परात ठेवली. पुडी तिच्यात उघडून दोघांनी बघितल्याशिवाय कुणी जायचं नाही. लोक दुखावले. आमचा तुमच्यावर विश्वास आहे, असं जो तो सांगू लागला.

"विश्वास घरी ठेवा, पुडी इथं उघडा," भांडारी थकल्या आवाजात म्हणे.

काम दुप्पट लांबलं, पाय आणखी सुजले. दोरवाल्याची बायको आली, तेव्हा तिनं पदराच्या गाठीला हात लावला नाही. भांडाऱ्यानंच पुडी उघडली, परात तिच्यापुढे सरकवली आणि तो थांबून राहिला. तिनं सावकाश गाठ सोडली. इकडचा वास घेतला, तिकडचा घेतला, पुन्हा इकडचा घेतला. मागची रांग कुरकुरू लागली. भांडारी तसाच उभा राहिला, तिची मान हलेपर्यंत.

बोध एवढाच, की औषध देणारा कितीही भला असला तरी तोही थकतो. त्याच्यासमोर पुडी उघडून बघण्यात त्याचा अपमान नाही, दोघांचीही राखण आहे.