फूटपट्टी

“...मग ती वाचत का नाही, बुवा?”

धुंडाबुवा मठाच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात बसले होते. दोन्ही हातांनी पोथीचं पान उचलून त्यांनी डोळ्यांना लावलं होतं. मी थांबले. नमस्कारात व्यत्यय नको.

नमस्कार बराच लांबला.

मग पान खाली आलं. “सांग.”

मी सांगितलं. माझी ऋजुता आठ वर्षांची. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी म्हणून दाखवते. पण फळ्यावरचं उतरवताना अर्ध्या ओळी गाळते, आणि पुस्तक पुढे ठेवलं की मुकी होते. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. धड वाचता आलं नाही, तर याच वर्गात ठेवू म्हणाल्या.

“माझंच काही चुकतंय का?” मी विचारलं. खरं तर ‘नाही’ ऐकायलाच आले होते. बी.एड. केलंय मी.

“घरी कशी वाचते?”

“नाक पुस्तकात खुपसून. मी नाही करू देत. डोळे बिघडतील ना.”

त्यासाठी मी पर्समध्ये फूटपट्टीच ठेवते, हेही सांगितलं. तिच्या नाकात आणि पुस्तकात बरोबर तेवढं अंतर. पाठ ताठ.

“मग?”

“मग तोंड मिटून बसते. हट्टी आहे.”

ओट्याच्या टोकाला बसून ऋजुता अंगठ्याने माती उकरत होती. बुवांनी तिला जवळ बोलावलं, पोथी पुढे ठेवली. वाच म्हणाले.

ती ताठ बसली. तिची नजर माझ्या पर्सवर.

...

बुवांनी हात पुढे केला. मी फूटपट्टी काढून दिली. त्यांनी ती मांडीखाली सरकवली.

ऋजुताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्यासारखंच पान दोन्ही हातांनी उचललं आणि डोळ्यांना लावलं.

मला भरून आलं. “तुमचं बघून नमस्कार करतेय, बुवा.”

पानामागून आवाज आला. अडखळत, एकेक अक्षर चाचपत... पण ओळ पूर्ण झाली. मग दुसरी. ही पोथी तिने कधी ऐकलेली नव्हती.

मी बुवांकडे पाहिलं.

“म्हणजे तुम्ही रोज... तो नमस्कार...”

“वाचतो गं. लोक म्हणतात, बुवांची भक्ती मोठी.”

“आणि चष्मा?”

“हिच्याएवढा होतो तेव्हा मास्तरांनी हट्टी म्हणून छड्या मारल्या. चष्म्याचं कुणाला सुचलं, तोवर मिशी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, आता फारसा उपयोग नाही.”

ऋजुता तिसऱ्या ओळीवर होती. तालुक्याला शनिवारी डोळ्यांचे डॉक्टर बसतात, हिला तिथे घेऊन जा, एवढंच बुवांनी सांगितलं.

“शनिवारपर्यंत मी काय करू?” काहीतरी करायला हवंच, अशी मला सवय.

बुवांनी मांडीखालून फूटपट्टी काढली. एक टोक माझ्या नाकाला टेकवलं. ऋजुताच्या हातातलं पान खाली करून दुसरं तिच्या.

“इतक्या जवळून हिला बघ.”