कैवारी आणि धर्मशाळेची भिंत

फार फार पूर्वीची, डोंगर ढगांशी गप्पा मारत तेव्हाची ही गोष्ट. आपल्याकडे भिंतींना नुसते कान असतात. त्या राज्यातल्या भिंती बोलतही असत, पण इतक्या हळू, की ते एकाच माणसाला ऐकू येई. तो होता गवंड्यांचा कैवारी.

कुणाचे घर गळो की कुणाची कमान खचो, मालक तक्रार घेऊन राजाकडे जाई आणि गवंडी कैवाऱ्याकडे धाव घेई. कैवारी भिंतीला कान लावी. भिंत सगळे खरे सांगे. हा मात्र दरबारात त्यातले सोयीचे तेवढेच बोले. कधी दोष वाऱ्याचा, कधी पावसाचा, तर कधी मालकाच्या जडशीळ पलंगाचा! गवंडी सुटत. भेगा जिथल्या तिथे राहत.

एकदा राजाच्या नव्या धर्मशाळेच्या भिंतीला तडा गेला. राजा गवंड्यावर कडाडला, "उद्या दरबारात निर्दोष ठरला नाहीस, तर राज्य सोडून चालता हो!"

गवंडी रडतच कैवाऱ्याकडे आला. "काका, लेकरंबाळं घेऊन कुठं जाऊ? वाचवा मला."

दोघे धर्मशाळेत गेले. दुपार पेंगत होती. धुक्यातून ऊन झिरपत होते. कैवाऱ्याने कान लावताच भिंत झोपेत बोलल्यासारखी म्हणाली, "राजाला उत्सवाची घाई होती. माझा चुना मुरलाच नव्हता. गवंड्याला ते ठाऊक होते, पण भीतीने तो 'होय महाराज' म्हणाला. मी आता फार दिवस उभी राहणार नाही."

वाऱ्याचे नाव कैवाऱ्याच्या ओठांवर आलेच होते. तेवढ्यात त्याला दिसले, की त्याच भिंतीच्या खुंटीला झोळी बांधून एका वाटसरू बाईने बाळ निजवले होते आणि ती शेजारीच डुलक्या घेत होती.

भिंत काय म्हणाली ते त्याने गवंड्याला सांगितले. "वाऱ्यावर ढकललं तर तू सुटशील. पण भिंतही अशीच राहील. बोल, काय करू?"

गवंडी झोळीकडे बघत राहिला. "खरं तेच सांगा, काका," तो म्हणाला. "आणि आधी त्या बाईला उठवा."

दुसऱ्या दिवशी कैवाऱ्याने दरबारात भिंतीचा शब्द न् शब्द सांगितला.

"म्हणजे माझाही दोष?" राजाने विचारले.

"अर्धा आपला, महाराज. अर्धा याचा. आणि आजवर झाकलेल्या भेगांचा सगळा माझा."

राजाने ते मान्य केले. मग त्याने गवंड्याला भिंत उतरवून नव्याने बांधायला सांगितले आणि चुना मुरेपर्यंत उत्सव पुढे ढकलला. पहिल्याच घावाला भिंत मटकन खाली बसली. तिच्याखाली तेव्हा कुणीही नव्हते.

कैवारी पहिल्यांदाच हरला, असे लोक म्हणाले. पण त्यानंतर गवंडी त्याच्याकडे भांडण झाल्यावर येईनात; ते पाया खणण्याआधीच येऊ लागले.

तात्पर्य: आपल्या माणसाला चूक कबूल करून ती दुरुस्त करायला लावतो, तोच त्याचा खरा कैवारी.