अर्धे फटके

अमेरिकेवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात, एका गावात अमोस नावाचा कारागीर लाकडी पिंपं बनवत असे. हात कसबी, पण डोकं भारी तापट! शेजारच्या न्यूयॉर्क प्रांतातला योस्ट हा त्याचा हाडवैरी. दोन प्रांतांच्या हद्दीवर एक कुरण होतं. अमोस म्हणे आमचं, योस्ट म्हणे आमचं. योस्टनं एकदा अमोसचं कुंपणच जाळलं होतं. ते कुरण मुळात ज्या आदिवासींचं, त्यांना मात्र या दोघांनी कधी विचारलं नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण खरी.

पुढे राजाचं फ्रेंचांशी युद्ध जुंपलं आणि दोन्ही प्रांतांची माणसं, त्यांत अमोस आणि योस्टही, एकाच किल्ल्यावर लढायला गेली. तिथली रीत अशी, की भरती होताना करारपत्र करायचं: अमुक दिवसापर्यंत लढू, मग घरी जाऊ. राजाच्या फौजेत असला कागद कोण विचारतो? पण ही भोळी माणसं तो छातीशी जपून ठेवायची.

सप्टेंबर संपला, मुदतही संपली. योस्ट इंग्रज सेनापतीपुढे उभा राहिला.

"साहेब, करार संपला. आम्ही निघतो."

सेनापती मोठा धूर्त. या दोन प्रांतांचं हाडवैर त्याला ठाऊक होतं. सगळे एक होऊ नयेत म्हणून तो म्हणाला, "मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी खुशाल घरी जावं. न्यूयॉर्कवाले इथंच राहतील. आणि हा तोंड वर करून बोलला, याला शंभर फटके!"

"बरी खोड मोडली मेल्याची!" अमोस मनात म्हणाला. त्याला घरची ओढ लागली होती. तो लढाईवर असताना बायको बाळंत झाली होती. लेकीचं तोंडसुद्धा त्यानं अजून पाहिलं नव्हतं. तो झपाझप दरवाजापर्यंत गेला. तेवढ्यात मागून पहिला फटका ऐकू आला. त्यानं वळून पाहिलं. खांबाला बांधलेल्या योस्टच्या मुठीत त्याचं करारपत्र होतं.

अमोसचा हात आपल्या खिशाकडे गेला. तोच मजकूर, तीच तारीख. याचा कागद खोटा, तर माझा खरा कसा? तो मागे फिरला.

"थांबवा हे, साहेब!"

"तू याचा कोण लागतोस?"

"कोणी नाही. वैरी आहे मी याचा. पण त्याच्या हातात आहे, तोच करार माझ्याकडेही आहे."

"मग फटकेही वाटून घे," सेनापती म्हणाला. "पन्नास तुझे."

अमोसनं सदरा काढला. दरवाजातून बाहेर पडलेली त्याच्या गावची माणसं एकेक करून परतली आणि न्यूयॉर्कवाल्यांच्या शेजारी उभी राहिली. कुणी बंदूक उचलली नाही. शेवटचा फटका बसेपर्यंत कुणी जागचं हललंही नाही. त्या गर्दीकडे बघता बघता सेनापतीचा चेहरा उतरला.

"न्या यांना, चालते व्हा सगळे!" तो ओरडला. "कसला मॅसॅच्युसेट्स आणि कसलं न्यूयॉर्क! सगळे सारखेच हलकट, हे अमेरिकन!"

दोघांना एकाच गाडीत पालथं निजवलं. पाठी सोलून निघाल्या होत्या. कण्हत कण्हत योस्टनं विचारलं, "ऐकलंस ना, काय म्हणाला आपल्याला? अमेरिकन!"

"ऐकलं," अमोस म्हणाला. "आता तेच म्हणवून घेऊ."

तात्पर्य: वैऱ्यावर झालेला अन्यायही ज्यांना आपला वाटतो, त्यांच्यातूनच देश उभा राहतो.